नवी कॉइल, नवा पंप आणि वीस मिनिटांनी बंद पडणारी जुनी गाडी

तुम्ही जे लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मी नेमकं कशाला उत्तर देतोय ते स्पष्ट राहील. गाडी १९६० च्या दशकातली, चार सिलिंडर, दीड लिटरचं इंजिन, १२ व्होल्ट, निगेटिव्ह अर्थ (म्हणजे बॅटरीचा मायनस गाडीच्या बॉडीला जोडलेला). तुम्ही एकाच दमात चार बदल केलेत. पॉइंट (कॉइलचा करंट तोडणारा यांत्रिक स्विच) आणि त्याचा कंडेन्सर काढून डिस्ट्रिब्युटरमध्ये, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागात, इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवलं, ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी जास्त ताकदीची नवी कॉइल लावली, इंजिनावरचा मेकॅनिकल पंप काढून बॉनेटखाली इलेक्ट्रिक पंप घेतला आणि जुन्या कार्बोरेटरच्या जागी ट्विन चोक कार्बोरेटर आला. गाडी थंड असताना पहिल्याच सेल्फला चालू होते आणि वीसेक मिनिटं पूर्वीपेक्षा छान पळते. मग गचके खायला लागते, सायलेन्सरमधून फटाके वाजतात आणि बंद पडते. अर्धा तास थांबलं की पुन्हा चालू. हेडलाइट लावून निघालात तर हे सगळं लवकर होतं. एका मेकॅनिकने व्हेपर लॉक (उष्णतेने पाइपात पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडणं) सांगितलं, दुसऱ्याने मॉड्यूलला दोष दिला. मॉड्यूल बदलूनही काही फरक पडला नाही. आता तुमचा प्रश्न असा की, आणखी चांगल्या कंपनीचं मॉड्यूल घ्यावं की पंप बदलावा?

इतक्यात काहीही विकत घेऊ नका. अशा गाड्यांवर काम करताना मला पुन्हा पुन्हा दिसलेली गोष्ट म्हणजे, नवा भाग स्वतः क्वचित दोषी असतो. बिघाड सापडतो तो नवा भाग जुन्या गाडीला जिथे जोडला जातो तिथे: जुन्या वायरमध्ये, जुन्या अर्थमध्ये आणि बॉनेटखालच्या उष्णतेत. भाग बदलत राहिलात तर तो जोड तसाच राहतो. तुमचं दुसरं मॉड्यूलही पहिल्यासारखंच वागलं, ते बहुधा याचमुळे.

इग्निशन आणि पेट्रोल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं आपण धरून चालतो. जुन्या गाडीत त्या खरोखर वेगळ्या होत्या. मेकॅनिकल पंप कॅमशाफ्टवर चालायचा, त्याला विजेशी देणंघेणं नव्हतं. इलेक्ट्रिक पंप बसवला त्या दिवशी पेट्रोलही विजेवर अवलंबून झालं. आता व्होल्टेज कमी झालं की ठिणगीही कमजोर आणि पंपही कमजोर. त्यामुळे लक्षणं दोन्हीकडची दिसतात आणि दोन अनुभवी मेकॅनिक दोन वेगळी कारणं सांगतात. दोघांनीही जे पाहिलं ते चुकीचं असेलच असं नाही.

तुमच्या वर्णनातल्या तीन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली, मॉड्यूल बदलून फरक पडला नाही. दुसरी, हेडलाइट लावल्यावर त्रास लवकर सुरू होतो. ही सगळ्यात मोलाची, कारण हेडलाइटचा पेट्रोलच्या उकळण्याशी काही संबंध नाही. संबंध आहे तो व्होल्टेजशी. तिसरी, फटाके सायलेन्सरमधून वाजतात, कार्बोरेटरमधून नाही. मिश्रण पातळ झालं, म्हणजे पेट्रोल कमी पडलं, की बहुतेक वेळा कार्बोरेटरच्या तोंडातून शिंक आल्यासारखा आवाज येतो. सायलेन्सरमधला फटाका बहुतेक वेळा सांगतो की सिलिंडरमध्ये न पेटलेलं पेट्रोल बाहेर गेलं आणि तिथे पेटलं. म्हणजे ठिणगी मध्येच चुकली. 'बहुतेक वेळा' हा शब्द मुद्दाम वापरतोय. सायलेन्सरच्या जोडात हवा शिरत असेल किंवा मिश्रण फार जाड असेल तरी फटाके वाजतात. पण तिन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या तर माझा कल विजेकडे झुकतो.

कल म्हणजे निदान नव्हे. निदान होईल ते गाडी बंद पडते त्या क्षणी. बहुतेक लोक नेमका तोच क्षण वाया घालवतात: बॉनेट उघडतात, इकडेतिकडे हात लावतात, तोवर इंजिन गार होतं आणि गाडी चालू होते. तुम्ही तयारीने निघा. सोबत मल्टिमीटर, प्लगच्या वायरमध्ये बसणारा स्पार्क टेस्टर, पाण्याची बाटली, दोन कापडं आणि फायर एक्स्टिंग्विशर ठेवा. शेवटची वस्तू ऐच्छिक नाही.

गाडी मरते कशी, ते आधी लक्ष देऊन बघा. बटण बंद केल्यासारखी एकदम गप्प झाली तर इग्निशन. हळूहळू दम सोडत गेली, रेस सोडल्यावर थोडी सावरली आणि पुन्हा दाबल्यावर कोसळली, तर पेट्रोल. कारण साधं आहे: पंप थांबला तरी फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या छोट्या साठ्यात, पेट्रोल शिल्लक असतं आणि इंजिन त्यावर काही काळ चालतं. ठिणगीला असं शिल्लक काही नसतं. गाडीला टॅकोमीटर असेल तर गचके येताना त्याच्या काट्यावर नजर ठेवा. गाडी गिअरमध्ये आहे, चाकं इंजिन फिरवतायत आणि तरीही काटा उडतोय किंवा शून्यावर पडतोय, तर कॉइलच्या प्रायमरी, म्हणजे बॅटरीच्या बाजूच्या, सर्किटमध्ये खंड पडतोय. ही खूण फुकट मिळते आणि क्वचितच फसवते.

गाडी बाजूला घेतली की इग्निशन बंद करा, एअर फिल्टरचं झाकण काढा, कार्बोरेटरच्या तोंडात बघा आणि हाताने थ्रॉटल एकदा झटकन उघडा. तुमच्या ट्विन चोकला अ‍ॅक्सिलरेटर पंप (रेस दाबताच थोडं जादा पेट्रोल सोडणारा) असणार, त्यामुळे पेट्रोलची बारीक पण स्वच्छ धार दिसायला हवी. धार आली तर फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल आहे आणि तपासाचा रोख ठिणगीकडे वळवायचा. आली नाही, किंवा फेसाळ थुंकी आली, तर पेट्रोलकडे. त्यानंतर एअर फिल्टर परत लावून, कुठे पेट्रोलचा वास नाही याची खात्री करून, स्पार्क टेस्टर लावून सेल्फ मारा. प्लग काढून, उघडा धरून, कार्बोरेटरशेजारी ठिणगी बघण्याची जुनी सवय असेल तर ती सोडा. गरम इंजिनाभोवती पेट्रोलची वाफ असतेच.

ओल्या कापडाची चाचणीही कामाची आहे, फक्त एका वेळी एकच जागा गार करायची. गाडी बंद पडली की कॉइलच्या अंगाभोवती ओलं कापड गुंडाळा, जाड वायर निघते तो वरचा भाग कोरडा ठेवा, आणि पाच मिनिटांनी सेल्फ मारा. चालू झाली तर कॉइल संशयित. पुढच्या वेळी कॉइलला हात लावू नका. कापड पंपावर आणि त्याच्या जवळच्या पाइपवर टाका. दोन्ही एकदम गार केलं तर गाडी चालू होईल, पण तुम्हाला काहीच कळणार नाही.

आता विजेकडे येतो, कारण इथे सगळ्यात जास्त सापडतं.

पहिलं माप: कॉइलच्या दोन्ही वायरी काढून प्लस आणि मायनसमधला रेझिस्टन्स बघा. पॉइंटच्या काळातल्या साध्या कॉइलचा प्रायमरी रेझिस्टन्स साधारण ३ ओहम असतो. बॅलास्ट रेझिस्टरसोबत (करंट मर्यादित ठेवायला कॉइलच्या आधी जोडलेला रेझिस्टर) वापरायच्या कॉइलचा साधारण १.५ ओहम, आणि उरलेला दीड ओहम बाहेर बॅलास्टमध्ये असतो. जास्त ताकदीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच कॉइल या दुसऱ्या प्रकारच्या असतात. ती १.५ ओहमची कॉइल बॅलास्टशिवाय थेट १४ व्होल्टवर लावली तर नऊ अँपिअरच्या वर करंट खेचू शकते. ३ ओहमची कॉइल तिथे पाचच्या आत राहते. म्हणजे करंट दुप्पट आणि उष्णताही दुप्पट. साध्या मॉड्यूलमध्ये करंटवर मर्यादा घालणारी सोय नसते. ते तापतं, कॉइल तापते आणि पंधरा-वीस मिनिटांत दोन्ही हात टेकतात. गार झाले की पुन्हा कामाला लागतात. तुमच्या गाडीचं वेळापत्रक अगदी असंच आहे. म्हणून मॉड्यूलच्या कागदावर कॉइलचा किमान रेझिस्टन्स किती दिलाय ते वाचा आणि मोजलेला आकडा त्याच्याशी जुळतो का बघा.

याच्या उलटही होतं. गाडीत कंपनीने बसवलेला बॅलास्ट असतो आणि तो दिसतच नाही, कारण काही गाड्यांत सिरॅमिकचा ठोकळा नसून हार्नेसमध्येच रेझिस्टन्सची वायर गुंफलेली असते. अशा वायरवरून मॉड्यूलला पुरवठा दिला तर त्याच्या वाट्याला पुरेसे व्होल्ट येत नाहीत. थंड असताना ते कसंबसं चालतं. उष्णतेने वायरीचा आणि कॉइलच्या तांब्याचा रेझिस्टन्स वाढला की ते गोंधळतं. मॉड्यूलची प्लस वायर बॅलास्टच्या आधी, म्हणजे पूर्ण १२ व्होल्टवर हवी. कॉइलला बॅलास्ट ठेवायचा की नाही हा वेगळा प्रश्न आणि तो कॉइलच्या रेझिस्टन्सवरून सुटतो.

दुसरं माप माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. इंजिन स्लोवर (रेस न देता) चालू ठेवा, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर घ्या, एक टोक बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरं कॉइलच्या प्लसवर लावा. कॉइलपर्यंत पोचेपर्यंत वाटेत किती व्होल्ट हरवले ते थेट कळतं. बॅलास्ट नसलेल्या गाडीत हा आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. मग हेडलाइट लावा, इलेक्ट्रिक पंप चालू असू द्या आणि आकडा पुन्हा बघा. गाडी वीस मिनिटं चालवून, गरम असताना, तिसऱ्यांदा बघा. साठ वर्षं जुना इग्निशन स्विच, काळे पडलेले बुलेट कनेक्टर, फ्यूजच्या गंजलेल्या क्लिपा यांतून दीड-दोन व्होल्ट सहज गायब होतात. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गावर अवलंबून असते. त्यामुळे १२ ऐवजी १०.५ व्होल्ट मिळाले तर ऊर्जा जवळपास पावभर कमी होते. वर तुम्ही प्लगची गॅप वाढवली असेल, नव्या कॉइलसोबत बरेच जण वाढवतात, तर ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं आणि ते द्यायला कॉइलकडे कमी उरतं.

तुमचा इलेक्ट्रिक पंप कुठून पुरवठा घेतो? तुम्ही लिहिलेलं नाही, पण जवळ आणि सोपं म्हणून पंपाची वायर कॉइलच्या प्लसवरून घेण्याची पद्धत फार पसरलेली आहे. ती वायर मुळात एका कॉइलच्या चार अँपिअरसाठी होती. तिच्यावर आता ताकदीची कॉइल, मॉड्यूल आणि पंप असा तिघांचा भार आहे. तिच्यातली पहिली कमजोर जागा तापणारच. तिथे हात लावून बघा. चटका बसणारा कनेक्टर सापडला तर तो संशयित नव्हे, पुरावा आहे.

याचा उपाय स्वच्छ आहे आणि माझ्या कामात इलेक्ट्रॉनिक इग्निशन घेतलेल्या प्रत्येक जुन्या गाडीला मी तो करतो. बॅटरीवरून जाड, फ्यूज घातलेली नवी वायर रिलेपर्यंत (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि तिथून कॉइलला. जुनी इग्निशनची वायर फक्त रिले ओढण्यापुरती. पंपाला वेगळा रिले, वेगळा फ्यूज. खात्री करायची म्हणून रिलेच्या आधी एक तात्पुरती फ्यूजवाली वायर बॅटरी प्लसवरून थेट कॉइल प्लसला लावून गाडी फिरवून बघता येते. पण त्याआधी वरचं रेझिस्टन्सचं माप घेतलेलं हवं, आणि हे लक्षात ठेवा की ती वायर असताना चावी फिरवून इंजिन बंद होणार नाही, वायर काढावी लागेल. तेव्हा ती हाताशी येईल अशीच लावा आणि सोबत दुसरा माणूस घ्या.

तुमच्या गाडीला डायनॅमो आहे की अल्टरनेटर, यावरही बरंच अवलंबून आहे. डायनॅमो स्लोवर जवळजवळ काहीच चार्ज करत नाही. हेडलाइट लावून रहदारीत रेंगाळलात तर सगळं बॅटरीवर चालतं आणि व्होल्टेज खाली खाली जातं. अशा गाडीत वायरिंग निर्दोष असूनही हेडलाइटचं लक्षण दिसू शकतं. म्हणून बॅटरीच्या टोकांवरचं व्होल्टेजही त्याच वेळी मोजा: स्लोवर, रेसवर, लाइट लावून आणि न लावता.

आणखी एक छोटी जागा बहुतेकांच्या नजरेतून सुटते. डिस्ट्रिब्युटरच्या आत पॉइंट ज्या प्लेटवर बसतात ती व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सबरोबर (मॅनिफोल्डमधल्या निर्वातानुसार ठिणगी लवकर पाडणारी यंत्रणा) हलते, आणि तिला अर्थ देणारी एक मऊ, विणलेली, इंचभर वायर असते. वर्षानुवर्षं वाकून ती आतून तुटते. बाहेरचं कापड शाबूत दिसतं. पॉइंट असताना प्लेटच्या घर्षणातूनही काम भागायचं. मॉड्यूलला असा डळमळीत अर्थ चालत नाही. प्लेट आणि बॅटरीचा मायनस यांच्यामध्ये ओहम मोजा, आणि मोजताना व्हॅक्यूमच्या नळीने हवा ओढून प्लेट हलवा. आकडा नाचला तर वायर बदला. इंजिन आणि बॉडीमधली जाड अर्थची पट्टीही काढून, घासून, पुन्हा घट्ट करा.

हाय टेन्शनच्या, म्हणजे कॉइलपासून प्लगपर्यंतच्या, बाजूला दोनच गोष्टी. प्लगच्या वायरी साध्या तांब्याच्या असतील तर त्यांच्यातून निघणारा विद्युत गोंगाट मॉड्यूलला चुकीचे इशारे देऊ शकतो. रेझिस्टन्स असलेल्या वायरी लावा. आणि रोटर, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमध्ये फिरून ठिणगी वाटणारा भाग, नीट बघा. ताकदीची ठिणगी प्लगकडे जाण्याऐवजी रोटरचं प्लास्टिक भेदून आतल्या शाफ्टला जाते, खास करून हलक्या प्रतीच्या, मधोमध रिव्हेट असलेल्या रोटरमध्ये. रोटरच्या पोटात सुईच्या टोकाएवढा काळा डाग दिसला तर तो बदला.

आता पेट्रोल. समजा बंद पडल्यावर कार्बोरेटरमध्ये धार आली नाही. तरीही लगेच व्हेपर लॉक म्हणू नका. आधी टाकीचं झाकण उघडा आणि कान द्या. हवा आत ओढल्याचा 'स्स' असा लांब आवाज आला तर टाकीचा श्वास बंद आहे. पेट्रोल निघतं तेवढी हवा आत यायला हवी. ती आली नाही की टाकीत निर्वात तयार होतो आणि वीस-पंचवीस मिनिटांत पंपाला पेट्रोल ओढवेनासं होतं. थांबलं की हवा हळूहळू झिरपते आणि गाडी पुन्हा चालू. इंजिनाच्या तापण्याशी याचा काही संबंध नाही, पण लक्षण हुबेहूब तेच. झाकण बदललं असेल किंवा टाकी रंगवली असेल तर हे आधी तपासा.

त्यानंतर पंपाची जागा. तुमचा पंप बॉनेटखाली आहे ते मला खटकतं. इलेक्ट्रिक पंप ढकलायला चांगला, ओढायला कमजोर. टाकी मागे आणि पंप पुढे असला तर तो मधली सगळी लांबी ओढून आणतो. ओढताना पाइपमधला दाब कमी होतो आणि दाब कमी झाला की द्रव कमी तापमानाला उकळतो. पेट्रोलला मुळात एक ठरावीक उत्कलनबिंदू नाही; त्यातले हलके घटक साधारण ३५ अंश सेल्सिअसच्या आसपासच उडायला लागतात. त्यात पाइप सायलेन्सरजवळून जात असेल तर पंपापर्यंत पोचते ती अर्धी वाफच. पंप वाफ ढकलू शकत नाही, नुसता जोरात खडखडतो. पंप चालू असताना त्याचा आवाज एकदम बदलला, तर तेच. पंप टाकीजवळ, टाकीच्या तळाच्या पातळीला किंवा खाली, आणि त्याच्या आधी फिल्टर अशी मांडणी ठेवली की पुढचा सगळा पाइप दाबाखाली राहतो आणि व्हेपर लॉकची शक्यता खूप कमी होते.

पंप किती पेट्रोल देतो तेही मोजा. पन्नास हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण जोरात तासाला साधारण १५ लिटर पितं, म्हणजे मिनिटाला पाव लिटर. पंपाने त्याच्या निदान दुप्पट, मिनिटाला अर्धा लिटर तरी द्यायला हवं. कार्बोरेटरकडचा पाइप काढून धातूच्या डब्यात घ्या. इंजिन गार असताना, मोकळ्या हवेत, आसपास ठिणगी किंवा ज्योत नसताना. सुरुवातीला भरपूर आणि मग धार बारीक होत गेली तर टाकीतला गंज किंवा जुना चिकटा फिल्टरवर येऊन बसतोय.

उलट बाजूही तपासा: दाब जास्त नाही ना? मेकॅनिकल पंप साधारण अडीच ते चार पीएसआय द्यायचा. सरसकट कुठल्याही गाडीला चालतील म्हणून मिळणारे इलेक्ट्रिक पंप चार ते सात पीएसआयचे असतात. बहुतेक जुने कार्बोरेटर तीन-साडेतीनच्या आसपास खूश असतात, एसयू या ब्रिटिश कंपनीचे तर त्याहून कमी दाबावर. दाब वाढला की फ्लोट चेंबरमध्ये येणारं पेट्रोल बंद करणारा निडल व्हॉल्व्ह बसत नाही, फ्लोट चेंबर ओसंडतं, पेट्रोल थेट मॅनिफोल्डमध्ये उतरतं. गाडी गरम असताना सेल्फ मारूनही चालू होत नाही, प्लग काळे आणि ओले निघतात, आणि पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये जातं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी चालवू नका. आधी दाब कमी करा, ऑइल बदला. प्रेशर रेग्युलेटर लावा आणि गेज लावून सेट करा. रेग्युलेटरवरच्या आकड्यांवर भिस्त ठेवू नका.

पंपाबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगतो. मेकॅनिकल पंप इंजिनाबरोबर थांबायचा. इलेक्ट्रिक पंप चावी चालू असेपर्यंत पंप करतच राहतो, अपघातात पाइप तुटला तरीही. धक्का बसताच पंपाचा पुरवठा तोडणारा इनर्शिया स्विच किंवा ऑइल प्रेशर गेल्यावर पंप तोडणारी जोडणी हवीच. ती नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून हे आधी करा.

पेट्रोलमध्ये इथेनॉल किती, हे ठिकाणानुसार बदलतं, पण आज बऱ्याच ठिकाणी ते असतंच आणि तुमचा नवा कार्बोरेटर ते नसलेल्या काळाच्या जेटवर (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्रांवर) असू शकतो. शुद्ध पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. वीस टक्के मिश्रणाला हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. तेच जेट ठेवले तर मिश्रण पातळ पडतं, इंजिन जास्त तापतं आणि रेस घेताना अडखळतं. मेन जेट एक-दोन पायऱ्या मोठा लागू शकतो. नेमका किती ते प्लगच्या रंगावरून, जमल्यास वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर लावून ठरवा. जुने रबरी पाइप आणि कॉर्कचे भाग इथेनॉलने फुगतात, सुटतात. ते बदला, आणि नवे पाइप इथेनॉलला टिकणाऱ्या दर्जाचेच घ्या.

आता या दोन बाजूंना जोडणारी गोष्ट: टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते ते. पॉइंट काढून मॉड्यूल बसवलं की ठिणगी पडण्याचा क्षण बदलतो, कारण चुंबक आणि सेन्सरची जागा पॉइंट उघडण्याच्या जागेशी जुळेलच असं नाही. डिस्ट्रिब्युटर न हलवता टायमिंग पाच-सात अंश मागे गेलेलं मी पाहिलंय. मागे गेलेल्या टायमिंगने गाडी थंड असताना सहज चालू होते, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण जळण उशिरा संपतं, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड प्रचंड तापतो, आणि बऱ्याच जुन्या इंजिनांत त्याच्या अगदी जवळच कार्बोरेटर असतो. मग फ्लोट चेंबर उकळतं आणि आपण म्हणतो व्हेपर लॉक. मूळ दोष इग्निशनचा, लक्षण पेट्रोलचं. टायमिंग लाइट लावून स्लोवर बघा आणि मग साधारण ३००० आरपीएमला एकूण अ‍ॅडव्हान्स बघा. या काळातल्या बऱ्याच चार सिलिंडर इंजिनांत तो व्हॅक्यूमशिवाय तीस अंशांच्या थोडा पुढे असतो, पण तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधला आकडा हाच खरा. नव्या कार्बोरेटरला व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सची योग्य नळी आहे का, हेही बघा. ती नुसती बंद करून ठेवली असेल तर हलक्या रेसवर गाडी कायम उशिराच्या टायमिंगवर पळते. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डमध्ये उष्णता अडवणारा जाड स्पेसर नसेल तर तो घाला. त्याचे गॅस्केट मात्र हवा घेणार नाहीत असे बसवा.

क्रम असा ठेवा. टाकीचं झाकण, कॉइलचा रेझिस्टन्स, कॉइलपर्यंतचा व्होल्टेज ड्रॉप आणि डिस्ट्रिब्युटरचा अर्थ यांना खर्च जवळजवळ नाही, तेव्हा ते आधी. मग टायमिंग. मग पंपाचा दाब, प्रमाण आणि जागा. कार्बोरेटरचे जेट सगळ्यात शेवटी, कारण वरचं काही चुकलेलं असताना जेट बदलले तर एक चूक दुसरीखाली झाकली जाते. प्रत्येक बदलानंतर गाडी वीस मिनिटांच्या पुढे, हेडलाइट लावून चालवा. एका वेळी एकच बदल, आणि काय केलं ते वहीत लिहा.

एवढं करूनही विजेकडे की पेट्रोलकडे हे ठरेना, तर पॉइंट आणि चांगल्या प्रतीचा कंडेन्सर परत बसवा, त्यांच्यासाठी योग्य असलेली ३ ओहमची जुनी कॉइल लावा, गॅप मॅन्युअलप्रमाणे ठेवा आणि टायमिंग पुन्हा लावा. तासाभराचं काम आहे. चार्ल्स केटरिंगने १९१० च्या सुमारास पुढे आणलेली ही बॅटरी-कॉइल-पॉइंटची पद्धत पुढे अर्धशतकाहून जास्त काळ बहुतेक गाड्यांत चालली. ती तुमच्या गाडीतही आठवडाभर नीट चालेल. त्या अवस्थेत त्रास गेला तर दोष इग्निशनच्या नव्या जोडणीत, राहिला तर पुरवठ्याच्या वायरीत किंवा पेट्रोलच्या बाजूला. तुमच्या गाडीचे काढलेले भाग म्हणूनच फेकू नका, डिकीत ठेवा.

तुम्ही पुढे लिहाल तेव्हा एवढी मापं द्या: कॉइलचा प्रायमरी रेझिस्टन्स, बॅटरी प्लस ते कॉइल प्लस व्होल्टेज ड्रॉप, थंड आणि गरम, हेडलाइटसह आणि शिवाय, त्याच वेळचं बॅटरीच्या टोकांवरचं व्होल्टेज, पंपाचा दाब आणि मिनिटाला किती पेट्रोल, स्लोवरचं आणि ३००० आरपीएमचं टायमिंग, आणि गाडी बंद पडली तेव्हा अ‍ॅक्सिलरेटर पंपाची धार आली की नाही. डायनॅमो की अल्टरनेटर आणि पंपाची वायर कुठून घेतली आहे, हेही कळवा. एवढं हातात आलं की पुढची पायरी नेमकी सांगता येईल.